जुन्या गॉगलची सोनेरी फ्रेम



घरात आजोबांचा जुना सोनेरी गॉगल असेल,
तर आज तो कपाटातून बाहेर काढा.
नाकाच्या पॅडखाली बघा. बिजागरीत बघा.
हिरवट थर दिसतोय?

तो सोन्याचा दोष नाही.
आतला धातू बहुधा तांबं मिसळलेला असतो.
घाम तिथवर पोचला, की तांबं हिरवं पडतं.
बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, त्याच जातीचं हे.

1937 साली अमेरिकेत रे-बॅनचे एव्हिएटर गॉगल आले.
तशा जुन्या, चांगल्या फ्रेमवर
सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला असे.
तो थर त्यातल्या त्यात जाड.
विजेच्या साहाय्यानं दिलेला मुलामा मात्र फार पातळ.

म्हणून मुख्य गोष्ट ऐका.
फ्रेम घासू नका.
पितळेचं पॉलिश नको, टूथपेस्ट नको, चिंच तर नकोच.
कळंकाबरोबर सोनंही निघून जाईल, आणि ते घरी परत चढत नाही.

मग करायचं काय?
कोमट पाणी घ्या. सौम्य साबणाचा थेंब टाका.
लहान मुलाचा मऊ ब्रश अलगद फिरवा.
खाचेतला हिरवा थर लाकडी टूथपिकनं हळूच उकला.
घाई नको, जोर नको. पुन्हा सांगते, घासू नका.
लगेच कोरडं पुसा, स्क्रूजवळचं पाणीसुद्धा.
पिवळे, कडक झालेले पॅड चष्म्याच्या दुकानात बदलून मिळतात.

मुलामा पार उडालाच असेल,
तर मुलामा देणाऱ्या कारागिराकडे जा.
मात्र फ्रेम त्याच्या हाती देण्याआधी
दोन्ही काचा काढून घ्या.