आमचा बंडू आणि 'बस'
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला "कुत्र्यांविषयी दहा मिनिटं बोला" असं सांगितलं. बँकेत चौतीस वर्षं काढल्यामुळे खरं तर मी कर्जावर दोन तास बोलू शकतो. पण सोसायटीत मला आता "बंडूचे आजोबा" म्हणूनच ओळखतात, तेव्हा विषय योग्यच आहे.

सुरुवात कबुलीने करतो. बंडू अकरा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. लॅब्रेडॉर, वजन अठ्ठावीस किलो, आणि पट्टा माझ्या हातात नव्हे तर खिशात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. बंडूने आनंदाने त्यांच्या अंगावर उडी घेतली. काकू पडल्या, मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी दवाखान्यात म्हणालो, "काकू, तो खेळत होता हो, त्याला काय कळतंय!" त्या म्हणाल्या, "त्याला नाही कळत भाऊ, पण तुम्हाला कळायला हवं होतं." बिल मी भरलं. ते वाक्य मात्र अजून माझ्या खात्यावर शिल्लक आहे.

त्यानंतर मी शिकायला लागलो. हो, मी. कारण चूक कुठे होती ते हळूहळू दिसायला लागलं. घरात मी म्हणायचो "बस", सौ. म्हणायची "खाली बस", नातू म्हणायचा "सिट". बिचाऱ्याने कुणाचं ऐकायचं? शिवाय उडी मारली की नातू टाळ्या वाजवायचा आणि मी ओरडायचो. कुत्र्याच्या लेखी दोन्ही सारखंच. आपल्याकडे लक्ष दिलं ना, मग झालं! आम्ही घरात ठराव केला : शब्द एकच, "बस". उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारही पाय जमिनीवर आले की लगेच पनीरचा बारीक तुकडा. "लगेच" म्हणजे एक-दोन सेकंदांत. कुत्रा बक्षिसाचा संबंध त्या क्षणाशी जोडतो. म्हणूनच दुपारी चघळलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी घरी येऊन रागावण्यात काही अर्थ नसतो. तो कान पाडतो ते अपराधीपणाने नव्हे, तुमचा आवाज चढलेला असतो म्हणून.

सुरुवातीला मी वर्तमानपत्राची सुरळी करून मारायचो, जुन्या लोकांचा उपाय. त्याचा परिणाम एवढाच झाला, की बंडू माझ्यासमोर शू करायचा थांबला आणि सोफ्यामागे करायला लागला. पिल्लाला झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर खाली न्यायचं, आणि जागेवर केलं की तिथेच शाबासकी द्यायची. बाकी काही नाही. शिकवणी पाच-पाच मिनिटांची, दिवसातून तीनदा. पट्टा ओढला की आपण खांबासारखं उभं राहायचं, ढिला झाला की चालायचं. पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत जायला आम्हाला वीस मिनिटं लागत. वॉचमन हसायचा.

आता डॉग शोबद्दल. प्रसिद्ध क्रफ्ट्स शो लंडनमध्ये 1891 साली सुरू केला तो चार्ल्स क्रफ्ट नावाच्या माणसाने, आणि तो नोकरी करत होता कुत्र्यांच्या बिस्किटांच्या कंपनीत! मार्केटिंग काय आजचं नाही. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया आहे. तिथे कुत्र्याची नोंदणी होते, मायक्रोचिप बसवतात, थोडक्यात केवायसी. पुष्कळांना वाटतं, शोमध्ये कुत्र्यांची आपापसात तुलना होते. तसं नसतं. प्रत्येक जातीचं एक लिखित मानक असतं आणि जज समोरचा कुत्रा त्या मानकाशी ताडून बघतो. दात, खांदे, चाल, लॅब्रेडॉरची पाणमांजरासारखी जाड शेपटी. आपल्या दख्खनच्या कारवानी कुत्र्याचंही मानक आहे. गावाकडे ज्याला आपण नुसता शिकारी कुत्रा म्हणायचो, त्याच घराण्यातल्या मुधोळ हाउंडवर 2005 साली पोस्टाचं तिकीटही निघालं.

बंडू तीन वर्षांचा झाल्यावर हौसेने मीही त्याला एका शोमध्ये नेला. रिंगणात कुत्र्याला डाव्या हाताला घेऊन धावायचं आणि थांबल्यावर त्याला ताठ उभा करायचं. मी धावलो (गुडघ्यांनी सहकार्य केलं), थांबलो, आणि बंडू बसला. उभा केला, पुन्हा बसला. दोन वर्षं मी त्याला हेच शिकवलं होतं ना, मी थांबलो की बस! जजसाहेबांनाही हसू आवरेना. नंबर अर्थातच आला नाही. सौ. परत येताना म्हणाली, "पाच जणांसमोर आज्ञा पाळली, हेच पुष्कळ."

मंडळी, सोसायटीत दर सभेला कुत्र्यांवरून वाद होतो म्हणून एक सांगतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. श्वानप्रेमी मंडळी हा कागद फार उत्साहाने दाखवतात. त्याच कागदात कुत्र्याला पट्ट्याने बांधून न्या, घाण झाली तर उचला, असंही मालकांना सांगितलंय. ते वाचताना बऱ्याच जणांचा चष्मा घरी राहतो. पिशवी खिशात ठेवा, रेबीजची लस दरवर्षी वेळेवर द्या, आणि घरात आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने चॉकलेट किंवा मनुका भरवू नयेत. दोन्ही कुत्र्याला विषारी.

दर रविवारी सकाळी सात वाजता मी आणि बंडू मागच्या पार्किंगमध्ये असतो. ज्यांनी नवीन पिल्लू आणलंय त्यांनी यावं, येताना घरातल्या सगळ्यांना आणावं. फी नाही, पनीर आपापलं.

काकू आज इथे बसल्या आहेत. त्या अजूनही आमच्याबरोबर लिफ्टमध्ये येत नाहीत, आणि यावं असा माझा आग्रहही नाही. त्या दिसल्या की मी थांबतो, बंडू बसतो, काकू वर जातात. आम्ही पुढच्या फेरीची वाट बघतो.