तो धडा आता मान वर करून



स्नेहमेळाव्यात आजारपणाचा विषय काढते आहे, रागावू नका. विज्ञानाच्या पुस्तकातला जो धडा आपण माना खाली घालून वाचला, त्यातलं थोडं आज मान वर करून सांगायचं आहे.

पाच वर्षांपूर्वी माझं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं. धाकट्या भावाने मूत्रपिंड दिलं. शरीराने ते नाकारू नये म्हणून मी रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेते. त्यामुळे माझ्या सर्दी-तापाची काळजी घरात सगळेच करतात. गर्भाशयाच्या मुखाची आठवण मात्र कोणाला होत नाही.

तिथल्या कर्करोगामागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. तो इतका सर्रास आढळतो, की त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेकींचं शरीर त्याला दोनेक वर्षांत हुसकावून लावतं. प्रतिकारशक्ती कमी असेल, तर तो ठाण मांडतो. एरवी कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. अशा स्त्रियांत ५ ते १० वर्षंही पुरतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा धोका सहापट असतो.

मला त्रास काहीच नव्हता. तरी डॉक्टरांनी तपासणी करायला लावली आणि पेशींमध्ये बदल दिसले. कर्करोगाच्या आधीची ती पायरी होती. तेवढा भाग काढला, संध्याकाळी घरी आले. आता ठरलेल्या वेळी तपासणी चुकवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांना तिशीपासून तपासणी सुचवते. एचआयव्ही असल्यास २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. मुलींसाठी लसही आहे, ९ ते १४ हे वय त्यासाठी उत्तम.

म्हणून मैत्रिणींनो, संधिवात, ल्युपस, प्रत्यारोपण, कशासाठीही अशी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारा, “माझी ही तपासणी कधी?” मित्रांनो, घरी जाऊन तुम्हीही हा विषय काढा.

जेवणानंतर मी आपल्या जुन्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणार आहे. सगळ्यांसमोर विचारता येत नसेल, तर तिथे या.