धाकट्याला कोण सांभाळणार?



दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्गातील काही जागा रिकाम्या होतात. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडते. परंतु ज्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे ती पडते, ती मुलगी त्या वेळी रिकामी बसलेली नसते. एक अख्खा संसार तिच्या हाती असतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या अंगावर असते आणि ती टनावारी फेडावयाची असल्यामुळे एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात गेले, की कोपीवर उरते ती ही पोर. पाणी आणावयाचे, भाकरी थापावयाच्या, तान्ह्याला निजवावयाचे, कोपी राखावयाची. यांतले एक जरी तिने सोडले, तरी आईला फड सोडून यावे लागेल, आणि आई आली की राहिला अर्धा कोयता. हे तिला कोणी शिकविलेले नसते. रात्री उचलीच्या हिशोबावरून आईबापांत बाचाबाची होऊ लागली, की धाकट्याला कडेवर घेऊन बाहेर केव्हा जावे, हेही तिला कळते.

लोक तिला ‘गुणाची पोर’ म्हणतात. म्हणणे खरेच आहे. पण त्या कौतुकापायीच तिची शाळा सुटते. अशा वेळी मुक्ताबाईचा दाखला हटकून दिला जातो. आईबापांविना वाढलेल्या चार भावंडांतील या धाकट्या बहिणीने ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत घातली, ही कथा नेवाशाच्या मुलखात कोणाला ठाऊक नाही? मात्र मुक्ताबाईला भावांच्या बरोबरीने विद्याही लाभली होती, हे सांगावयाचे राहून जाते.

बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे त्यान्वये स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि शाळेचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. गावोगावी हंगामी वसतिगृहेही निघाली. तरीही मुलगी जातेच. कारण वसतिगृह असते शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी. तान्हे आईबरोबर जाते, आणि तान्ह्यापाठोपाठ ती.

म्हणूनच दसऱ्यापूर्वी घरभेटीस गेलेल्या शिक्षकाने ‘पोरीला मागे ठेवा’ एवढेच सांगून भागत नाही. धाकट्याला कोण सांभाळणार, हे आधी विचारावे. आजी गावी राहील काय, पोराला अंगणवाडीत बसविता येईल काय, याचा विचार त्या ओट्यावरच व्हावा. काहीच न जमले, तर शिक्षण हमी पत्रक आईच्या हाती द्यावे आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवावयाचे, हे पोरीला समजावून ठेवावे. त्या शाळेत ती धाकट्याला कडेवर घेऊन आली, तर तिच्याजवळच त्याच्यासाठीही एक पोते अंथरावे.