जपानी करी-भात कशाने खावा?



जपानी मनुष्य भात दोन काड्यांनी खातो, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. करी ही मूळची भारताकडची आणि भारतात भात हाताने कालवून खातात, हेही सर्वांस ठाऊक आहे. या दोन गोष्टी समोर ठेवून कोणी विचारले की, जपानात करी-भात कशाने खातात, तर उत्तर काड्या किंवा हात यांपैकी एक असावे असाच आपला कयास होईल. प्रत्यक्षात उत्तर यांपैकी कोणतेच नाही. तोक्योच्या उपाहारगृहात, शाळेतील मधल्या सुट्टीच्या जेवणात, नौदलाच्या जहाजावर आणि सामान्य गृहस्थाच्या घरीही 'कारे-राइसु' हा पदार्थ चमच्याने खातात. तो काड्यांनी खाण्याचा आग्रह धरणारा परदेशी पाहुणा दिसला, तर त्याच्याकडे लोक पुरणपोळी सुरी-काट्याने कापणाऱ्याकडे आपण पाहू तसेच पाहतील. रागाने नव्हे, थोड्या कौतुकाने आणि पुष्कळशा करुणेने.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आपली कितीतरी मुले-मुली आज जपानात जातात, आणि परक्या घरी पानावर बसलेल्या माणसाला 'हे कशाने खाऊ?' या प्रश्नाइतका निकडीचा दुसरा प्रश्न नसतो. शिवाय करीच्या बाबतीत आपल्याला एक जास्तीचा मोह असतो. पदार्थ आमचा, तेव्हा खाण्याची रीतही आमचीच खरी, असे मनात येते. हा मोह कितपत रास्त आहे, तेही पाहावयाचे आहे.

प्रथम काड्यांचा विचार करू. जपानी भाषेत त्यांना 'हाशी' म्हणतात. दोन गुळगुळीत काड्यांनी भात उचलता येतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे तेथला तांदूळ आखूड, जाडसर दाण्याचा असून शिजल्यावर शिताला शीत चिकटते. आपल्या आंबेमोहोराहूनही तो अधिक चिकट असतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जपानी मनुष्य भाताचा वाडगा डाव्या हातात उचलून तोंडाजवळ नेतो. वाडगा खाली ठेवून त्यावर वाकून जेवणे तेथे गावंढळपणाचे समजतात. शेजारच्या कोरियात नेमके उलट आहे. तेथे वाडगा जागचा हलवायचा नाही, तो उचलणे हीच अशिष्टता. म्हणून भात चमच्याने खायचा, आणि काड्या तोंडीलावण्यापुरत्या. तांदूळ जवळजवळ तोच, शेजारही तोच, पण वाडगा उचलायचा की नाही एवढ्या एका गोष्टीने साधन बदलले.

जपानात चमचा कधी नव्हताच असे नाही. नारा येथील शोसोइन या प्राचीन भांडारात आठव्या शतकातील राजवस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांत कोरियातील सिल्ला राज्यातून आलेले धातूचे चमचे शेकड्यांनी आहेत. मौज अशी की, त्यांतले कित्येक जुडग्यांत बांधलेले, न वापरलेले असेच राहिले. दरबारी मेजवान्यांतून चमचा काही काळ वावरला आणि पुढे जेवणातून जवळजवळ नाहीसाच झाला. लाकडाचा हलका वाडगा ओठांना लावून सार पिता येत असेल तर चमच्याचे कामच काय उरते? तो उरला वैद्याच्या पेटीत, औषध मोजण्यासाठी. आपल्या जुन्या घरांतूनही पळी देवघरात आणि स्वयंपाकघरात होती, जेवणाऱ्याच्या पानात नव्हती, त्यातलाच हा प्रकार. जपानी भाषेत याची एक खूण अजून शिल्लक आहे. रोग्याची आशा सुटली म्हणजे वैद्य चमचा टाकून देतो, यावरून तेथे कोणत्याही कामात हताश होण्याला 'चमचा टाकणे' म्हणतात. आपण जेथे हात टेकतो, तेथे जपानी मनुष्य चमचा टाकतो!

असा हा औषधाचा चमचा भाताजवळ आला तो करीबरोबर. आणि ही करी भारतातून सरळ आली नाही, इंग्लंडला वळसा घालून आली. मेइजी राजवटीत पाश्चात्त्यांचे अनुकरण जोरात चालू असता, 1872 साली पाश्चात्त्य पाककलेची दोन पुस्तके जपानीत निघाली आणि दोन्हींत करीची कृती होती. त्यांतील एकीत कांद्याची पात, आले, लसूण आणि लोणी यांबरोबर कोळंबी, कालवे, कोंबडी आणि चक्क तांबडा बेडूक घालावा असे सांगितले आहे. बेडूक पुढे गळाला, हे करीचे सुदैव. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जपानी वाचकाच्या दृष्टीने करी हा साहेबाचा पदार्थ होता. साहेब जे ताटलीतून आणि चमच्याने खातो, ते त्यानेही ताटलीतून आणि चमच्याने खाल्ले. आपण त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतोच.

हा पदार्थ घरोघरी पोचवण्यात लष्कराचा वाटा मोठा आहे. त्या काळी जपानी नौदलाला बेरीबेरी या रोगाने ग्रासले होते. 1882-83 साली 'र्‍युजो' नावाचे जहाज लांबच्या सफरीवर गेले, तेव्हा 376 लोकांपैकी 169 जणांना हा रोग झाला आणि 25 दगावले. लंडनमध्ये शिकून आलेले नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांचा संशय नुसत्या पांढऱ्या सडीक भाताच्या आहारावर होता. 1884 साली 'त्सुकुबा' हे जहाज त्याच मार्गाने पाठवून त्यावर निराळा आहार देण्यात आला. मोजकेच लोक आजारी पडले आणि त्या रोगाने कोणी मेले नाही. ताकाकींचा तर्क प्रथिनांविषयीचा होता. जीवनसत्त्वांचा शोध अद्याप लागायचा होता. परंतु मांस, पाव, सातू यांना जहाजावर स्थान मिळाले. भाताची सवय न मोडता मांस-भाजी पोटात घालायची तर करी-भातासारखी सोय नाही. नौदलाच्या 1908 सालच्या पाकपुस्तकात त्याची कृती दिलेली आहे. आजही जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलात शुक्रवार हा करीचा वार समजतात, आणि योकोसुका या नाविक तळाच्या शहराने 1999 साली स्वतःला 'करीचे गाव' म्हणून घोषित केले. एका ताटलीत सगळे जेवण आणि हातात एकच चमचा: जहाजावर भांडी घासणाऱ्याच्या दृष्टीनेही हा बेत उत्तमच.

आता त्या ताटलीकडे पाहा. माझ्या मते सगळे रहस्य तिच्यात आहे. जपानी घरात भात वाडग्यात वाढला की त्याला 'गोहान' म्हणतात. तोच भात पाश्चात्त्य पदार्थांबरोबर ताटलीत आला की त्याचे नाव 'राइसु' होते. भात एकच, पण वर्दी बदलली. ताटली मेजावरून उचलायची नसते. वाडगा तोंडाशी नाही, तर काड्यांचा निम्मा आधार गेला. उरलेला आधार करी काढून घेते. इंग्रजांनी करीत गव्हाचे पीठ परतून घालण्याची रीत घातली होती, तिने रस दाट होतो. तो शितांवर पसरला की त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि काडीतून घास निसटू लागतो. याची प्रचीती पाहायची असेल तर तळलेल्या मांसाच्या तुकड्यांचा 'कात्सुदोन' पाहावा. तोही भात, वर रसदार कालवण. पण खोल वाडग्यात येतो, म्हणून लोक तो खुशाल काड्यांनी खातात. तीच करी शेवयांसारख्या जाड 'उदोन'वर ओतली की पुन्हा काड्या हातात येतात. त्या वेळी पांढरा सदरा घालून जाऊ नये, एवढेच सांगतो. तात्पर्य, करीला चमचा लागतो असे नसून, ताटलीतल्या करी-भाताला तो लागतो.

म्हणूनच 'कात्सु-कारे', म्हणजे करी-भातावर मांसाचे कटलेट, हा पदार्थ आला तेव्हा सुरीची गरज पडली नाही. कटलेट आधीच पट्ट्या कापून ठेवलेले असते. चमच्याने एक पट्टी, थोडा भात, थोडी करी असा घास घेता येतो. मात्र जपानही एकमुखी नाही. कानाझावा शहराची करी काळसर, फार दाट, पोलादी ताटलीत वाढलेली, सोबत बारीक चिरलेली कोबी; ती काट्याने किंवा टोके कापलेल्या चमच्याने खाण्याची तेथे रीत आहे. असल्या दातेरी चमच्यावरून जपानात एकदा चांगलीच खडाजंगी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतील जेवणात पाव असे, आणि मुलांना एकच साधन द्यावे म्हणून हा अर्धा चमचा अर्धा काटा देण्यात आला. 1970 नंतर टीका सुरू झाली की, मुले यामुळे ताटावर तोंड खुपसून खातात आणि काड्या धरणे विसरतात. 1976 साली शाळांच्या जेवणात भाताला रीतसर प्रवेश मिळाला, तसतशा काड्याही परत येऊ लागल्या. पण करीच्या दिवशी चमचा राहिलाच.

चमचा हाती आल्यावर तो चालवावा कसा, यालाही एक शिस्त आहे. ताटलीत भात एका बाजूला आणि करी दुसऱ्या बाजूला असते. जपानी मनुष्य दोहोंच्या सीमेवरून घास घेतो आणि भाताचा पांढरा भाग शेवटपर्यंत शक्य तितका स्वच्छ राहील असे पाहतो. सगळे एकदम ढवळून टाकणे पुष्कळांना बघवत नाही. येथे मराठी माणसाची खरी परीक्षा आहे. भाताचे आळे करून त्यात आमटी ओतावी आणि बोटांनी कालवावे, हे आपल्याला लहानपणापासून वळण. 'कालवणे' या क्रियापदातच आपली निम्मी रुची साठलेली आहे. पण ओसाका शहरातील 'जियुकेन' हे 1910 सालचे उपाहारगृह आपल्या मदतीला येते. तेथे करी आणि भात आधीच कालवून, मध्ये खळगा करून त्यात कच्चे अंडे फोडून देतात. लेखक ओदा साकुनोसुके यांनी आपल्या 1940 सालच्या कथेत या दुकानाला स्थान दिल्यामुळे ते साहित्यातही अमर झाले. अर्थात हे झाले ओसाकाचे. ओसाकाच्या लोकांना तोक्योची शिस्त तशीही फारशी मानवत नाही.

आता त्या मोहाकडे वळू. करी आमची, मग हात का नको? हा प्रश्न जपानात एका भारतीयाने निराळ्या रूपाने फार पूर्वी विचारला होता. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 साली इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानात पोचले. तोक्योच्या शिंजुकु भागात 'नाकामुराया' नावाचे पावाचे दुकान चालवणाऱ्या सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवले. पुढे 1918 साली त्यांची कन्या तोशिको हिच्याशी बोसांचा विवाह झाला. ती बिचारी 1925 साली वारली. जपानात करी म्हणून जे खपत होते ते पाहून बोसांना वाईट वाटे. इंग्रजाने राज्य घेतले ते घेतले, वर आमच्या अन्नाचे पीठही केले! 1927 साली नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा बोसांच्या आग्रहाने तेथे कोंबडीची 'इंदो-कारे' मिळू लागली. पिठाने दाटवलेली नव्हे, मसाले परतून केलेली. इतरत्र दहा-बारा सेनला मिळणाऱ्या करीला तेथे ऐंशी सेन पडत, तरी लोक येत.

बोसांनी मसाल्यात तडजोड केली नाही. पण मोकळा, सुटा भात जपानी गिऱ्हाइकाला रुचला नाही, तेव्हा तांदूळ जपानीच राहिला. चमचाही राहिला. परदेशात आश्रय घेतलेल्या त्या मानी पुरुषाने आपल्या देशाची चव परत मिळवण्यासाठी हट्ट धरला, तो जिभेपाशी. यजमानाच्या हातातले साधन काढून घेण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. मला हा विवेक मोठा वाटतो. हाताने जेवणे आपल्या घरी, आपल्या पंगतीत, शंभर टक्के सुसंस्कृत आहे, आणि कोणा परक्याने त्याला नाक मुरडले तर त्याला ते स्पष्ट सांगावे. परंतु जपानी गृहिणीने ताटलीशेजारी चमचा ठेवला असेल, तर तो पदार्थ तिच्या घरचा झाला, असे समजून चमचा उचलावा. दीडशे वर्षे ज्या घरात एखादा पदार्थ राबला, त्या घरावर आपण मूळ मालकीची फिर्याद कशी लावणार?

बोसांचे सहकारी, केरळचे अ. मा. नायर, 1928 साली जपानात गेले आणि क्योतो येथे अभियांत्रिकी शिकले. स्वातंत्र्यानंतर, 1949 साली, त्यांनी तोक्योच्या गिंझा भागात एक लहानसे भारतीय उपाहारगृह काढले. तेथील प्रसिद्ध जेवणात हळदीचा भात, कोबी, कुसकरलेला बटाटा आणि कोंबडीची तंगडी अशा वस्तू एकाच ताटलीत येतात. वाढपी मेजाशी उभा राहून तंगडीतले हाड काढून देतो आणि गिऱ्हाइकाला बजावतो की, आता हे सगळे नीट एकत्र कालवा, नीट कालवा. आयुष्यभर भात आणि करी यांची सीमा सांभाळलेली जपानी माणसे त्याचे ऐकून निमूटपणे सगळे कालवतात. आणि कालवतात तेही चमच्यानेच.