काचेपलीकडचे डोळे

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन शब्द बोला, असा आपण आग्रह केलात म्हणून उभी आहे. मी चित्रकार नव्हे. एका कचेरीच्या खिडकीआड तेहतीस वर्षे बसलेली कारकून आहे. तरीही आज एका चित्राविषयीच बोलणार आहे.

गेल्या दिवाळीत भाचीने ते मला पुस्तकात दाखविले. जॉर्ज टूकर या अमेरिकन चित्रकाराने १९५६ साली काढलेले हे चित्र. नाव ‘गव्हर्न्मेंट ब्यूरो’. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमच्या संग्रहात ते आहे. घराच्या कामाच्या परवानगीसाठी टूकर यांना सरकारी कचेरीत जो मनस्ताप झाला, त्यातून ते सुचले. अंड्याच्या बलकात रंग कालवून त्यांनी ते रंगविले आहे.

चित्रात धुरकट काचांच्या खिडक्या आहेत. काचेला वाटोळे भोक. त्यातून कारकुनाचे डोळे नि नाक तेवढे दिसते. बाहेर कोट घातलेली माणसे पाठमोरी उभी आहेत. कोणी कोणाशी बोलत नाही.

प्रथम मला बाहेर ताटकळणाऱ्यांची दया आली. मग ते डोळे पाहिले, आणि खरे सांगते, ते मला माझेच वाटले. थकलेले, बाहेरच्यांइतकेच एकटे! टूकर यांनी कारकुनाला राक्षस केले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

त्या डोळ्यांनी एक जुनी गोष्ट आठवली. एक बाई निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आल्या. एक सही राहिली होती. मान वर न करता मी म्हटले, “उद्या या.” असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा आवाज ओळखीचा वाटला म्हणून पाहिले, तर आमच्याच चाळीतल्या वहिनी! महिन्यापूर्वीच मी त्यांच्याकडे समाचाराला जाऊन आले होते. “तुम्ही कामात होता, म्हणून हाक मारली नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. आज त्या हयात नाहीत. माफी मागायची राहून गेली.

आता एक विनंती. येत्या बुधवारपासून दुपारी तीन ते पाच मी मंडळात अर्ज भरून द्यायला बसेन. टेबलापलीकडे खुर्ची मात्र ठेवू नका. माझ्या शेजारीच ठेवा.