दुखण्याची गोळी आणि गोळीचे दुखणे
(हट्टा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



विवाह, शिक्षण, वसतिगृह हे आपल्या मेळाव्याचे नित्याचे विषय होत. आज आम्ही घराघरांत दडवून ठेवलेला एक विषय आपणांपुढे मांडीत आहोत.

वसमतच्या हळदीचा लौकिक मोठा. परंतु ती काढताना ज्यांच्या कमरा गेल्या त्यांची विचारपूस कोण करतो? आमच्या काकूंची कंबर अशीच गेली. डॉक्टरांनी पाच दिवसांपुरती ट्रॅमाडॉलची गोळी लिहून दिली. आराम पडला. पुढे तीच जुनी चिठ्ठी दाखवून, नंतर चिठ्ठीवाचूनही गोळी मिळत गेली. एकीच्या दोन झाल्या, दोहोंच्या चार. दोन वर्षांनी कंबर दुखे ती दुखेच. वर गोळी चुकली की घाम, जुलाब आणि रात्रभर तळमळ. एके दिवशी रागाच्या भरात डबी उकिरड्यावर फेकली गेली. ती फेकणारे आम्हीच. पुढच्या तीन रात्री त्यांचे हाल पाहवले नाहीत.

ही गोळी अफूच्या गोत्रातली आहे, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. शरीर तिला सरावते, मात्रा वाढत जाते आणि अधिक मात्रेने झटकेही येऊ शकतात. म्हणूनच १ मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवावी असा नियम झाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे शंभरांत एक माणूस अफूवर्गीय औषधांचा गैरवापर करतो असे आढळले.

शस्त्रक्रियेनंतर वा कर्करोगाच्या वेदनेत हे औषध उपकारकच आहे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीवर मात्र व्यायाम, शेक आणि कामाची पद्धत बदलणे हेच आधी पाहावे. सवय लागलीच असेल तर गोळी एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी. १४४४६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

काकू आज बऱ्या आहेत. परंतु त्यांनी दोन वर्षे हे का लपविले? "कुणाला कळले तर मुलीची सोयरीक मोडेल," हे त्यांचेच उत्तर. बंधुभगिनींनो, ते भय त्यांना गोळीने घातले नव्हते. ते आपण घातले होते. ते दूर करणे तरी आपल्या हाती आहे.