‘मले’ तसंच राहू द्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

सन्माननीय गुरुजन, आणि माझ्या पोट्ट्यापोट्टींनो,

साठी ओलांडलेल्या माणसांना पोट्टे म्हटलं म्हणून रागावू नका. आज आपल्याला या नावानं हाक मारणारं दुसरं कोणी उरलं नाही. संयोजकांनी मला ‘आवडतं पुस्तक’ हा विषय आणि दहा मिनिटं दिली आहेत. मी तीन-चार पुस्तकांची नावं घेईन, पण बोलणार आहे ते पोरवयातल्या भाषेबद्दल.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलवर राहतो आणि शेवटी गावी परततो. त्याच्या तोंडी ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द सारखे येतात. निबंधात आपण ‘उदाहरणार्थ’ लिहिलं की मार्क मिळत. हा गडी त्याच शब्दानं मोठ्यांच्या मोठ्या बोलण्यातली हवा काढून टाकतो.

त्याआधी बारा वर्षं, १९५१ साली, अमेरिकेत सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ आली होती. तिच्यातल्या होल्डन या शाळेतून काढलेल्या पोराचा आवडता शब्द ‘फोनी’. आपण त्याला ‘ढोंगी’ म्हणू. पण ‘ढोंगी’ म्हटलं की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. पोराच्या तोंडचा शब्द हलका असतो आणि नेमका लागतो.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ ची, पण गोष्ट आणीबाणीतल्या नववीच्या वर्गाची. त्यातला ‘लाइन’ हा शब्द आपल्यापैकी कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. माझ्या नातवाला मात्र सांगावा लागला. एक शब्द न बोलता अख्खं वर्ष कसं काढायचे, हे त्याला पटेना. शब्द जुना झाला, तशी ती वाट पाहण्याची रीतही गेली.

काही शब्द तर वयाचा दाखलाच असतात. कोणी ‘नवे पैसे’ म्हणालं, की त्यानं १९५७ ते १९६४ च्या दरम्यान दुकानात नाणी मोजली आहेत असं समजावं. कोणी ‘अकरावी मॅट्रिक’ म्हणालं, की तो १९७५ च्या दहावी बोर्डाच्या आधीचा.

आता आपल्या घरचं. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. त्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते, भांडते, पोरांसाठी झिजते. तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली असती तर ती बाई आपल्याला भेटलीच नसती.

आपल्या अंजनगावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, ते ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहामुळे. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात काय ठरलं ते आपण पाठ केलं. त्या दिवशी इथल्या पानमळ्यात माणसं एकमेकांशी काय बोलत होती, ते कोणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून एक विनंती करतो. स्मरणिकेसाठी आलेले काही लेख मला वाचायला मिळाले. आपल्या एका मैत्रिणीनं लिहिलं आहे, की शाळा सुटून लग्न ठरलं तेव्हा ती बापाला एवढंच म्हणाली, “मले शिकाचं व्हतं.” तपासणाऱ्यानं लाल शाईनं तिथं ‘मला शिकायचे होते’ असं केलं आहे. व्याकरण सुधारलं, अर्थही तोच राहिला. पण बापासमोर दारात उभी असलेली चौदा वर्षांची पोरगी त्या वाक्यातून निघून गेली.

गुरुजनांनी आपल्याला प्रमाण मराठी शिकवली. तिच्या जोरावर आपण अर्ज लिहिले, मुलाखती दिल्या, नोकऱ्या केल्या. ते ऋण फिटणारं नाही. पण आठवण म्हणजे अर्ज नव्हे. तपशिलातली चूक, साल, नाव जरूर दुरुस्त करा. माणसाच्या तोंडचं वाक्य मात्र तसंच राहू द्या.

आणि शेवटी दोन पानं शब्दांसाठी ठेवा. भैताड, उलिसक, बम, काहून, वावर, फटफटी. ज्याला जो आठवेल तो त्यानं द्यावा, शेजारी अर्थ लिहावा, आणि तो कोणाच्या तोंडी ऐकला तेही लिहावं. ‘भैताड’चा अर्थ नुसता ‘मूर्ख’ असा देऊन भागणार नाही. परक्यानं म्हटलं तर भांडण, आणि मधल्या सुट्टीत मित्रानं म्हटलं तर त्याच्याच खिशातले चणे आपल्या हातावर, हेही लिहावं लागेल.

हे काम आपणच करू शकतो, कारण आपल्यातले काही जण आज या मांडवात नाहीत आणि त्यांचे शब्द फक्त आपल्याला ऐकू येतात. स्मरणिका नातवंडांच्या हाती पडेल तेव्हा त्यांना अडखळू द्या. त्यांनी विचारावं, “आबा, उलिसक म्हणजे काय?” तेवढ्यासाठी तरी ती आपल्याजवळ येऊन बसतील.

बोलणं उलिसक लांबलं.